घरी विचारलंय ना?

सोमवार, ४ मार्च

या घरात मी माझ्या हातांनी केलेल्या वस्तू: जेवणाचं टेबल, त्याच्या चार खुर्च्या, आईचा पलंग (उशाशी चष्म्यापुरता कप्पा), खारूचं अभ्यासाचं टेबल, कपड्यांचं मोठं कपाट, पुस्तकांची मांडणी, दारामागची चपलांची पेटी आणि ज्यावर हे लिहितोय ते उतरतं मेज. स्वयंपाकघरातल्या फळ्या माझ्या नाहीत. त्या घरमालकाच्या, आणि ज्याने ठोकल्या त्याला काटकोन म्हणजे काय ते कुणीतरी दाखवायला हवं होतं. माझ्या एकाही वस्तूत खिळा नाही. सगळं सांध्यांवर उभं आहे, आणि सांधे मला कुणी शिकवले नाहीत. जुनं फर्निचर विकत घ्यायचो, मोडायचो, आत काय आहे ते बघायचो.

सामान सकाळी आलं. हमाल चांगले होते. कपाटाला एक ओरखडा आला, तो मी दुपारीच घालवला. जागा मनासारखी आहे: खाली कारखाना, वर घर. ही म्हणाली, चला, आता मिस्त्री निदान गरम तरी जेवतील. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला मिस्त्रीच म्हणते, तेही चारचौघांत. आईला खिडकी मिळाली, ती खूश. खारू चौदाची झाली, तिला फक्त शाळा किती लांब एवढंच विचारायचं होतं. लहानपणी मी मोडलेल्या फर्निचरचे स्क्रू खिशात भरून पळायची म्हणून खारू. आता ते नाव मैत्रिणींसमोर घेतलं तर बघून घेईन म्हणते.

वाचनालयाच्या चोवीस खुर्च्यांचं काम हातात आहे. आजवरचं सगळ्यांत मोठं. पहिल्या सोळा जुन्या जागीच झाल्या, शेवटच्या आठ राहिल्या. त्या मुख्य दालनासाठी, पाठीला कोरीव काम.

एकच खोट. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दोन महिन्यांपासून बधिर आहे. पटाशी धरली की ती दोन बोटं दुसऱ्याचीच वाटतात. हिचं म्हणणं, पडदे नंतर लावू, आधी चांगला डॉक्टर शोधा. डॉक्टर सापडल्याशिवाय तिच्या मते घर लागत नाही.

गुरुवार, ७ मार्च

तीन डॉक्टर बघून झाले.

पहिला माझ्याकडे न बघता कॉम्प्युटरशी बोलत होता. मी उठून गेलो असतो तर औषध त्याने खुर्चीलाच लिहून दिलं असतं. दुसऱ्याकडे एवढी गर्दी की माझ्या आधीच्या बाईंना आणि मला एकाच रंगाच्या गोळ्या मिळाल्या. त्यांना खोकला होता. तिसऱ्या डॉक्टरीणबाई हुशार होत्या, पण मी त्यांना कोपराच्या आतल्या बाजूने जाणारी शीर कशी दबते ते समजावून सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. शरीररचनेचं जाडजूड पुस्तक मी दोनदा वाचलंय, त्यात माझा काय दोष? त्या म्हणाल्या, शस्त्रक्रिया करू, बोटं परत येतीलच असं नाही.

घरी हिला सांगितलं तर म्हणाली, तुम्हाला डॉक्टर नकोच आहे, तुम्हाला हो म्हणणारा माणूस हवाय. आई आतून हसली. ऐकू कमी येतं म्हणते, पण असलं बरोबर ऐकू येतं.

मंगळवार, १२ मार्च

डॉक्टर सापडला.

कोपऱ्यावरच्या वाण्याने सांगितला. वाणी साठीचा गृहस्थ, गाल लालबुंद, पोतं एका हाताने उचलतो. गेल्या कित्येक वर्षांत आजारी पडलो नाही म्हणाला, सगळी त्या डॉक्टरांची कृपा. दुकानाच्या मागच्या अंगाला चाकाच्या खुर्चीत त्याचा धाकटा भाऊ बसलेला असतो. नाकावर माशी बसली तरी हलत नाही. मी नजर वळवली.

डॉक्टरांची अट एकच: पहिल्या दिवशी घरातले सगळे हवेत. बाहेर पाटी नाही, आत औषधांचा वास नाही, भिंतीला लागून एक लांब बाक. एकसंध फळीचा, कुठे जोड नाही. एवढं रुंद झाड मी पाहिलेलं नाही. डॉक्टर बुटके, हसरे, आवाज मऊ. आम्हाला चौघांना बाकावर ओळीने बसवलं, एकमेकांचे हात धरायला लावले आणि टोकाला बसलेल्या आईची तेवढी नाडी पाहिली. बराच वेळ पाहिली. ही माझ्या कानात कुजबुजली, एकीच्या पैशात चौघांचं झालं.

मग हिला, आईला, खारूला बाहेर बसवलं. मला म्हणाले, मी माणसाचा डॉक्टर नाही, घराचा आहे. दुखणं घरातून जात नाही, घरात जागा बदलतं. कुणाची तयारी आहे ते घरी विचारा, मग औषध देतो.

ते मला नेहमीचं गोड बोलणं वाटलं. आजाऱ्याला घरच्यांनी सांभाळून घ्यावं, असं काहीतरी. मी म्हटलं, आमच्याकडे मी म्हणेन ते सगळ्यांचंच असतं.

ते म्हणाले, तरी विचारा. मी दाराबाहेर गेलो, खारूला विचारलं की कंटाळलीस का, आणि आत येऊन सांगितलं, विचारलं.

शनिवार, १६ मार्च

बोटं परत आली!

सकाळी रंधा मारताना करंगळीला लाकडाची ऊब लागली. मी हात थांबवून पुन्हा पुन्हा कडेवरून फिरवला. भुशाचा एकेक कण कळतो. सतराव्या खुर्चीची पाठ आजच कोरायला घेतली. पहिल्या सोळा मी तीन बोटांवर काढल्या होत्या, कुणाला फरक कळला नसता, पण मला कळतो.

जेवताना मी इतकं बोललो की खारूने विचारलं, बाबांना कोणती गोळी दिली, बंद करता येते का?

रविवार, २४ मार्च

आई आज पलंगावरून उतरताना पडली. लागलं नाही फारसं. पाय कुठे टेकला ते कळलंच नाही म्हणते. दोन्ही पाय घोट्यापर्यंत बधिर. मी तळव्याला सुई टोचून पाहिली. आई खिडकीतून बाहेर बघत, टोच की, कधी टोचतोस म्हणत होती.

वय झालं. असं होतं. पुस्तकातही आहे.

पण घोट्याच्या आतल्या बाजूला हात लावला तेव्हा ती बधिरता मला ओळखीची वाटली. रक्तमांस तेच असतं, ऊबही असते, पण आत कुणी राहत नाही असं वाटतं. माझ्या करंगळीला मी दोन महिने तसाच हात लावत होतो.

गुरुवार, २८ मार्च

आईला डॉक्टरांकडे नेलं. बधिरपणा गुडघ्यापर्यंत चढला होता. तिला उचलून न्यावं लागतं, आणि तो भार हिच्यावर पडतो. ही बोलत नाही, पण संध्याकाळी भिंतीला टेकून उभी राहते. मी कारखान्यातून वर येऊन हातभार लावायला हवा होता. खुर्च्या होत्या.

डॉक्टरांनी पुन्हा तेच विचारलं. घरी विचारलंय ना?

मी हो म्हणालो. काय विचारायचं असतं? आईला बरं करू का, हे कुणाला विचारायचं?

या वेळी मात्र ते हसले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले, जसा मी बाजारात लाकडाच्या गाठीकडे बघतो.

मंगळवार, २ एप्रिल

आई चालते. काठीही नको म्हणते. सकाळी स्वतः चहा करून खाली कारखान्यात घेऊन आली आणि माझ्या कोरीव कामावर बोट फिरवून म्हणाली, तुझ्या वडिलांना हे बघायला मिळायला हवं होतं.

मला आनंद झाला नाही. का ते लिहिणार नाही.

हिच्या हातून काल दोन कप पडले. आज एक. मी म्हटलं, सांभाळून. ती म्हणाली, धरला तर होता.

शनिवार, ६ एप्रिल

लिहायला हवं.

दुपारी वर आलो. ही दूध तापवत होती. मला बघून वळली आणि बोलायला लागली, वरच्या मजल्यावरच्या बाईंची गंमत सांगत होती, त्यांनी नवऱ्याला न विचारता त्याचा सोफा विकला आणि तो घरी येऊन जमिनीवर बसला. हसत सांगत होती. हातात पातेलं होतं. चिमटा नाही, फडकं नाही. गॅसवरून नुकतं उतरवलेलं.

आधी वास आला. मग मी खाली बघितलं.

ओरडलोसुद्धा नाही. तिच्या हातातून पातेलं काढताना तिचं कातडं —

ती अजून हसत होती. मग माझा चेहरा बघून थांबली आणि म्हणाली, काय झालं?

सोमवार, ८ एप्रिल

दोन्ही हात मनगटापर्यंत. पट्ट्या बांधल्यात. दुखत नाही म्हणते, हेच तिला सगळ्यांत भीतीचं वाटतंय.

वाण्याकडे गेलो. काही घ्यायचं नव्हतं. त्यानेच विचारलं, तुमच्याकडे फिरलं वाटतं? त्याने मागच्या भावाकडे मान वळवली आणि अगदी सहज सांगितलं, जसा डाळीचा भाव सांगावा. दुखणं त्याचं होतं, वाण्याचं. सगळे एकत्र बसले, विचारलं कोण घेतो. धाकटा म्हणाला मी घेतो, मला ना बायको ना पोरं. हो म्हटलेल्याकडे गेलं की ते तिथंच बसतं, शांत राहतं. न विचारता फिरवलं तर स्वतःच जागा शोधतं. ज्याचं काही दुखत नाही अशाकडे जातं. आणि प्रत्येक फेरीत वाढतं.

मग तो म्हणाला, पण तुम्ही विचारलं असेलच की.

भावाने माझ्याकडे पाहिलं. हलली फक्त नजर. त्या नजरेत तक्रार नव्हती. तेच सहन झालं नाही.

मंगळवार, ९ एप्रिल

डॉक्टरांकडे जाऊन आलो. स्पष्ट बोललो. त्यांनी एक मार्ग सांगितला. साधा आहे. आज तो इथे लिहीत नाही.

खुर्च्या झाल्या की बघू असं ठरलं. म्हणजे मी ठरवलं. तोपर्यंत हिच्या हातांना औषध मागितलं, एवढ्या जखमा उघड्या ठेवून कसं चालेल.

त्यांनी विचारलं, घरी विचारलंय ना?

मी मान हलवली.

या वेळी मला माहीत होतं. तरी हलवली. वाटलं, आठवडाभराचा प्रश्न आहे, आईच्या पायात परत जाईल, आई समजून घेईल. आईकडेच जाईल असं मला कुणी सांगितलं होतं?

शुक्रवार, १२ एप्रिल

हिचे हात जागे झाले. भाजल्याची सगळी आग एकदम आली. सकाळपासून रडतेय, आणि मध्येच, रडता रडता, दुखतंय हो मिस्त्री, दुखतंय, असं म्हणून हसतेय.

मी पट्ट्या बदलल्या. दर बोट निरखून पाहिलं. मग आईला चालायला सांगितलं. चालली. सुई टोचली. ओरडली, माझ्या हातावर फटका मारला.

खारू शाळेत होती.

रविवार, १४ एप्रिल

खारूला भूक लागत नाही. दोन दिवस. आई म्हणते, वय आहे, मुली या वयात जेवत नाहीत.

मी तिला हाक मारली. पाठीवर बर्फाचा तुकडा ठेवला. ती वही वाचत राहिली. विचारलं, गार लागतं का? म्हणाली, काय?

गळ्याखाली काही नाही. काहीच नाही. हात हलतात, पाय हलतात, ते कुणाचे आहेत ते तिला कळत नाही, बघून चालते.

आणि संध्याकाळी, कुणी नसताना, मला येऊन सांगितलं. आईला सांगू नका बाबा. श्वास आपोआप येत नाही. लक्षात ठेवून घ्यावा लागतो. मघाशी गणित सोडवताना विसरले होते, डोळ्यांपुढे काळं आलं तेव्हा आठवलं.

सोमवार, १५ एप्रिल

मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तपासण्या सगळ्या. नळकांड्यात घालून फोटो काढले. शीर न् शीर चांगली आहे. तरुण डॉक्टर भला होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, परीक्षेचा ताण असेल, जागेपणी श्वास उत्तम चाललाय, घरी न्या, प्रेमाने घ्या.

जागेपणी.

तिथून थेट आमच्या डॉक्टरांकडे. हो म्हणायला गेलो होतो. जे काय सांगितलं होतं त्याला हो. दाराला कुलूप. कंपाउंडर पायरीवर बसला होता. डॉक्टर दुसऱ्या भागातल्या एका घराकडे गेलेत, गुरुवारी येतील. फोन ते बाळगत नाहीत.

मंगळवार, १६ एप्रिल

सांगितलं. हिला आणि आईला. बाक, प्रश्न, मान हलवली ते.

ही पट्टी बांधलेले दोन्ही हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

आई म्हणाली, माझ्याकडेच राहू द्यायचं होतंस. मग थोड्या वेळाने म्हणाली, विचारलं असतंस तर मी हो म्हटलंच असतं रे. विचारायचं तरी.

डॉक्टरांनी सांगितलेला मार्ग कोणता, हे दोघींनी विचारलं. मी म्हटलं, गुरुवारी कळेल.

पाळ्या लावल्या. एकीने झोपायचं, एकाने खारूसमोर बसायचं. तिचे डोळे मिटले की छाती थांबते. मग म्हणायचं, घे. की ती घेते. झोपेतसुद्धा घेते, फक्त कुणीतरी म्हणायला हवं. माझ्या आवाजाने लवकर घेते. का कोण जाणे. अजून माझ्यावर विश्वास —

बुधवार, १७ एप्रिल

दुपार. पाळी माझी. ही आणि आई आत पडल्यात, दोघी बसल्या बसल्या कोसळत होत्या, मीच पाठवलं. म्हटलं, मी आहे.

खारू समोर, मी केलेल्या खुर्चीत. मान कलली आहे. घे.

घेतला.

तोंडाने सांगता आलं नाही म्हणून लिहून ठेवतो. उद्या डॉक्टर आले की हे दोघींना वाचायला देईन, मग दवाखान्यात जाऊ. घे. माझ्याबद्दल कुणाला काही चांगलं वाटत असेल तर ते आजच संपू दे. घे.

गेल्या आठवड्यात, नऊ तारखेला, मी डॉक्टरांना विचारलं होतं, हे परत फिरवता येईल का. ते म्हणाले, येईल, जिथून निघालं तिथे आणून बसवू. मला वाटलं, वाढलेलं सगळं माझ्या अंगावर येणार. घे. विचारलं, म्हणजे माझा हात जाणार का पाय? ते म्हणाले, नाही हो. वाढलेलं माझ्याकडे ठेवतो, माझं कामच ते. तुमचं जेवढं होतं तेवढंच तुम्ही घ्यायचं. कायमचं.

घे.

घेतला. ओठ जरा निळसर आहेत, पण घेतला.

तेवढंच. मी खुर्चीतून उठलो होतो आणि पुन्हा बसलो. माझ्या मनात तेव्हा कोण होतं ते लिहितो: विसाव्या खुर्चीची पाठ. तिची वेल अर्धी कोरून झाली होती, पानांच्या शिरा राहिल्या होत्या, आणि शिरा काढताना पटाशीचं टोक करंगळीच्या आधाराने फिरतं. घे. त्या दोन बोटांवाचून त्या शिरा झाल्या असत्या. पहिल्या सोळा झाल्याच होत्या. वाचनालयात बसणाऱ्या एकाही माणसाला कळलं नसतं. मला कळलं असतं. एवढ्यासाठी.

मी म्हणालो, खुर्च्या राहिल्यात, त्या झाल्या की बघू. अगदी याच शब्दांत. नाहीच म्हणालो म्हणजे. ते म्हणाले, बघा, किंमत फार नाही.

फार नव्हती. नीट मांडतो, मला अंदाजे लिहिलेलं चालत नाही, निदान हे तरी बरोबर लिहिलं पाहिजे. उजव्या हाताची बोटं दोन. पेरांनी मोजायचं तर करंगळीची तीन आणि शेजारच्या बोटाची तीन, एकूण सहा. पण ते दुसरं बोट पूर्ण बधिर नव्हतंच, फक्त करंगळीकडची बाजू, आतली बाजू जागी होती, म्हणजे त्याची तीन पेरं निम्मीच धरायची, दीड. तीन आणि दीड, साडेचार. त्यातही करंगळीच्या बुडाशी, तळहाताला लागून, थोडं कळत होतं, सुई लावून पाहिली होती मी, ती जागा वजा केली तर साडेचारही नाही, सव्वाचार पेरं, किंवा त्याहून थोडं कमीच, चार आणि